बदलीच्या मजल्यावरची शिंपीण

त्या उंच इमारतीत एके काळी एक गोष्ट तोंडावर हात ठेवून सांगितली जायची. भर दुपारी मॅनेजरसाहेबांची पँट टाचणीबाईच्या खोलीत खुंटीला लटकत होती, साहेब पँटीत नव्हते, आणि खोलीचं दार आतून लावलेलं होतं. म्हणूनच म्हणे त्या बाईला मधल्या मजल्यावरची ती जागा मिळाली, जी भल्याभल्यांना मागूनही मिळाली नव्हती. सांगणारा प्रत्येक जण शेवटी "आपल्याला काय करायचंय, कानावर आलं ते सांगितलं" असं म्हणायचा आणि लगेच पुढचा कान शोधायला निघायचा. तळमजल्यावरून निघालेली ही बातमी गच्चीपर्यंत पोहोचली तेव्हा साहेबांचा शर्टही गेलेला होता.

पण आधी ही बाई कोण, ते सांगायला हवं. ती शिंपीण. काम करताना ओठांत टाचण्या धरून ठेवायची तिला सवय, म्हणून सगळे तिला टाचणीबाई म्हणायचे. टाचण्या तोंडात असताना ती जितकं बोलायची तितकं दुसऱ्या बायका मोकळ्या तोंडानेही बोलत नाहीत. आणि टाचण्या काढून ठेवल्या, की समोरच्याने जरा जपूनच राहावं. तिचा नवरा कटिंग मास्तर, त्याला घरीदारी नुसतं मास्तर म्हणत. माणूस भला, पण शब्दांच्या बाबतीत महाकंजूष. कापड वाया घालवायचा नाही आणि बोलणंही. कापायचं त्याने आणि बोलायचं तिने, अशी त्यांच्या संसारात कामाची वाटणी होती, आणि दोघंही आपापल्या खात्यात वाकबगार होती.

दुकान एका अरुंद गल्लीत. गल्लीत आणि आसपासच्या रस्त्यांवर दुमजली घरांमधून कचेऱ्या होत्या. वकील, हिशेबनीस, विमावाले, जहाजाने माल पाठवणारे दलाल, जाहिराती करणारे. वकिलाकडचा कागद हिशेबनिसाकडे जायचा असला की कारकून तो बगलेत मारून निघायचा. वाटेत ओळखीचा दुसरा कारकून भेटायचा, दोघं मिळून तिसऱ्याच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे, आणि दुपारचा कागद संध्याकाळी पोहोचायचा. या चालत्या कारकुनांवर टाचणीबाईचा धंदा चालायचा. "ताई, एवढं बटण लावून द्या हो, आमचे साहेब डोळे वटारतात." कारकून स्टुलावर टेकायचा आणि बटण लागेपर्यंत चार कचेऱ्यांची खबरबात सांगून मोकळा व्हायचा. बटणही पक्कं आणि बातमीही पक्की करून घेतल्याशिवाय ती कुणाला सोडायची नाही.

मग ती इमारत उभी राहिली. वर बघायला मान मागे टाकली तर डोक्यावरची टोपी पाठीमागे पडावी, एवढी. आधी एक बडे वकील तिथे गेले. त्यांच्यामागे त्यांचे हिशेबनीस गेले, कारण असलं वजनदार गिऱ्हाईक कोण नजरेआड होऊ देईल? हिशेबनीस गेले म्हणून विमावाले गेले, विमावाले गेले म्हणून दलाल गेले. जाहिरातवाले सगळ्यात शेवटी गेले, पण आपणच सगळ्यांना नेलं असं सांगत गेले. आता वकिलाचा कागद दोन मजले उतरला की हिशेबनिसाच्या टेबलावर. ज्या सहीसाठी अख्खा दिवस जायचा ती चहा निवायच्या आत व्हायला लागली. सगळे म्हणायचे, कामाला कसे पाय फुटलेत. आणि गल्लीत भर दुपारी मांजर वाटेवर आडवी पसरली, तरी तिला उठवायला कुणी फिरकेना.

एक दिवस मास्तरने दुकानाच्या दारात उभं राहून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि जाहीर केलं, "झालं आपलं."

"काय झालं?"

"दुकान. थोरला दादा म्हणतो, गणवेशाच्या कारखान्यात कटरची जागा आहे. जातो."

टाचणीबाईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या गादीत खोचल्या. हे लक्षण मास्तरला ठाऊक होतं. त्याने मुकाट्याने स्टूल ओढलं आणि ऐकायला बसला.

"जन्मभर स्वतःच्या टेबलावर कापड कापलंत," ती म्हणाली, "आणि आता भोंगा वाजला की बसायचं, भोंगा वाजला की उठायचं? सगळ्या पोरांना एकाच मापाच्या पँटी? अहो, तुम्ही एका माणसाचे दोन पायसुद्धा वेगवेगळे मोजता! आणि दुकान झालं म्हणजे काय झालं? गिऱ्हाईक मेलंय का? वर गेलंय. म्हणजे तसं वर नाही हो, लिफ्टने वर. मग आपणही जायचं."

"आणि नाही चाललं तर?"

"तर खुशाल जा कारखान्यात. मी स्वतः डबा भरून देईन. पण तिथल्या जागेचा वर्षाचा करार संपेपर्यंत या विषयावर तोंड उघडायचं नाही."

मास्तरला ही अट मुळीच जड गेली नाही.

जागा मिळाली ती तळमजल्यावर, मोठ्या दारातून आत शिरलं की उजव्या हाताला. पुढे सगळी काच. आत मशीन, कापायचं टेबल, आणि माप देणाऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत दिसावं म्हणून भला मोठा उभा आरसा. मास्तरची धाकटी बहीण बघायला आली. गल्लीत तिचं इस्त्रीचं दुकान होतं, पण कपड्यांपेक्षा बातम्याच ती जास्त गरम करून वाटायची.

"वहिनी, नशीब काढलंत हो!" ती म्हणाली. "बिल्डिंगमधला एकूण एक माणूस तुमच्या दारावरून जाणार."

खरंच, एकूण एक माणूस दारावरून गेला. अडचण एवढीच, की कुणी थांबला नाही. सकाळी उशीर झालेला, म्हणून लिफ्टकडे धावायचे. संध्याकाळी घरची ओढ, म्हणून दाराकडे धावायचे. मधल्या वेळात खाली यायचं म्हणजे दोन लिफ्ट बदला, खाली उतरा, पुन्हा दोन लिफ्ट बदलून वर जा. एका बटणासाठी एवढा प्रवास करण्यापेक्षा लोक फाईल छातीशी धरून दिवस काढायचे. गल्लीत जी माणसं रमतगमत यायची, तीच इथे घोड्यासारखी पळताना बघून टाचणीबाईला कळेना, की यांना चावलं काय.

काचेआडून तिला सगळं दिसायचं. अमक्याच्या पायाची दुमड सुटलीय, तमकीच्या बाहीची शिवण निघालीय. हात शिवशिवायचे. एकदा न राहवून तिने एका सुटाबुटातल्या गृहस्थांना हाक मारली, "अहो साहेब, मागून उसवलंय!" चारचौघांनी वळून पाहिलं. गृहस्थ आधी लाल झाले, मग पांढरे, आणि ब्रीफकेस पाठीमागे धरून त्यांनी जी लिफ्ट गाठली ती गाठलीच. पुन्हा कधी ते त्या बाजूने गेले नाहीत. दुसऱ्या दाराने यायला लागले.

"आहे ते गिऱ्हाईक पण पळवलंस," मास्तर म्हणाला. त्याच्या हिशेबाने हे भाषणच झालं.

दुकान म्हटलं की रस्त्याला लागून, दार म्हटलं की तळमजल्याला, हे दोघांच्या इतकं हाडात मुरलेलं होतं, की आपली चूक जागेतच आहे हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. ते आलं अक्काच्या. अक्का म्हणजे इमारतीतली झाडूपोछा करणारी. ती दुपारी टाचणीबाईच्या पायरीवर पाय मोकळे करायला बसायची.

"बाई, तुम्ही इथे बसून कुणाची वाट बघताय?" अक्का म्हणाली. "इथे माणूस पळतो. थांबतो तो वर, बदलीच्या मजल्यावर."

"तो कुठला?"

"मधला. खालच्या लिफ्टा तिथे संपतात, वरच्या तिथून सुटतात. सगळे जण तोंड वाकडं करून उभे असतात. मला विचारतात, लिफ्ट कधी येणार? जशी काही मीच ती दोरीने ओढते."

दुसऱ्या दिवशी टाचणीबाई त्या मजल्यावर जाऊन उभी राहिली आणि तिला आपली गल्लीच सापडली. रुंद, चकचकीत, बंद लिफ्टच्या दारांनी वेढलेली, पण गल्लीच. वकिलाचा माणूस हिशेबनिसाच्या माणसाला म्हणत होता, "ते तेवढं आजच करून टाका ना." विमावाली मुलगी दलालाला कागद दाखवत होती. जी माणसं एरवी वेळ ठरवून भेटली असती ती इथे लिफ्टच्या नादात एकमेकांना धडकत होती आणि उभ्याउभ्या कामं उरकत होती. ज्यांना काम नव्हतं ती छताकडे बघत होती आणि मॅनेजरला शिव्या देत होती. लिफ्टच्या बाजूला झाडू-बादल्या ठेवायची एक खोली होती, दाराला काच, आत छोटी खिडकी. टाचणीबाईने त्या खोलीकडे असं पाहिलं, जसं मास्तर चांगल्या कापडाकडे बघायचा.

ती थेट मॅनेजरसाहेबांकडे गेली. साहेब गोल चेहऱ्याचे, मिशीला रोज कात्री लावणारे, नियमाला पक्के. पँट मात्र अंगासरशी तंग, कारण खुर्चीतल्या नोकरीत माणूस रुंदावतो आणि पँट रुंदावत नाही.

"जमायचं नाही, बाई," साहेब म्हणाले. "आधीच तिथे गर्दी. लिफ्ट मंद आहेत म्हणून रोज तक्रारी. त्यात तुमचं दुकान घातलं तर लोक मलाच खाली ढकलतील."

"एवढीशी खोली, साहेब. झाडूला काय नजारा बघायचाय?"

"त्या मजल्यावर दुकान लावायला परवानगी नाही. लिफ्टची वाट बघायची, एवढंच काम तिथे चालतं."

"एवढंच ना?" टाचणीबाई म्हणाली. "बरं."

त्या 'बरं'मध्ये काय होतं ते साहेबांना पुढच्या सोमवारी समजलं. टाचणीबाई हातात टोपली घेऊन बदलीच्या मजल्यावर हजर. टोपलीत सुया, दोरे, बटणं. विमावाल्या मुलीच्या कोटाची चेन ऐन बैठकीच्या तोंडावर तुटली होती. पूर्वी ती घरी गेली असती आणि अर्धा दिवस बुडाला असता. टाचणीबाईने उभ्याउभ्या चेन बसवून दिली आणि मुलगी पुढच्या लिफ्टने वर गेली. तेवढ्यात साहेब आले.

"बाई, हे काय चाललंय?"

"लिफ्टची वाट बघतेय, साहेब."

"आत्ता माझ्यासमोर दोन लिफ्ट गेल्या!"

"पहिली भरलेली होती."

"आणि दुसरी? तिच्यात एकच माणूस होता."

"परपुरुष होता, साहेब."

सगळा मजला हसला. साहेबांनाही हसू आलं असणार, कारण ते घाईघाईने मिशी चाचपत निघून गेले. त्या दिवसापासून टाचणीबाई रोज लिफ्टची वाट बघायला लागली. सकाळी यायची, संध्याकाळी जायची, आणि तिची लिफ्ट काही यायची नाही. पाय सुजायचे. संध्याकाळी ती खाली येऊन मशीनपाशी बसली की मास्तर तिच्या पायाखाली कापडाचा गठ्ठा सरकवायचा.

पण टोपलीवर दुकान उभं राहत नाही, हे तिला कळत होतं. लोकांच्या लक्षात यायला हवं की आपलं काही उसवलंय. सांगायला जावं तर राग येतो, हे ब्रीफकेसवाल्यावरून कळलेलं. म्हणून एका सकाळी तिने मास्तरला उभ्या आरशाकडे बोट दाखवलं.

"उचला."

"वर?" मास्तरने विचारलं. "साहेब उद्या काढायला लावतील."

"उद्या ना? आज तर उभा करा."

मालाच्या लिफ्टमधून आरसा वर गेला आणि लिफ्टच्या दोन दारांमध्ये भिंतीला टेकून उभा राहिला. मग काय विचारता! बडे वकील तिरके उभे राहून, श्वास रोखून, आपलं पोट खरंच एवढं आहे का ते बघायला लागले. हिशेबनीस डोक्यावरचे उरलेसुरले केस या कानाकडून त्या कानाकडे नेऊन बघायचे. जाहिरातवाला एक तरुण रोज एकच भुवई उचलायचा सराव करायचा. या सगळ्यात कुणाला लोंबकळणारं बटण दिसायचं, कुणाला सुटलेली दुमड, आणि मान वळवली की शेजारी टाचणीबाई. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं.

आठवडा सरता सरता साहेबांनी आरसा पाहिला. "हलवा हा," त्यांनी पहारेकऱ्यांना सांगितलं. पहारेकऱ्यांनी तो नेऊन तळघरात ठेवला.

आता करार संपायला आला होता. मास्तरने मोठी कात्री तेल लावून फडक्यात गुंडाळली. तो काही बोलला नाही. अटच तशी होती. नणंद मात्र मुद्दाम गल्लीतून समाचाराला आली.

"वहिनी, त्यात काय लाजायचंय? सगळ्यांचंच चालतं असं नाही. आता मान खाली घालून घरी बसायचं, झालं."

"वन्सं," टाचणीबाई म्हणाली, "मी मान खाली घालते ती फक्त सुईत दोरा ओवताना. आणि तेव्हासुद्धा तोंड बंद नसतं."

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन पुन्हा वर. आरसा नाही, तर नाही.

इकडे साहेबांच्या टेबलावर तक्रारींचा पाऊस. लिफ्ट पुन्हा मंद झाल्या! मध्यंतरी किती छान पळत होत्या! असं कसं झालं? साहेबांनी लिफ्टच्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने घड्याळ लावून पाहिलं आणि सांगितलं की लिफ्ट आधी जेवढ्या मंद होत्या तेवढ्याच आहेत, मध्येही तेवढ्याच होत्या. तरी जाता जाता त्याने दोन थेंब तेल सोडलं. साहेब विचारात पडले. माणूस हुशार होता. तक्रारी कधी थांबल्या आणि कधी सुरू झाल्या ते त्यांनी आठवून पाहिलं, आणि कुणाला काही न सांगता आरसा परत जागेवर ठेवायला लावला. मग काय होतं ते बघायला स्वतः खांबाआड उभे राहिले. लोक आले, आरशात शिरले, लिफ्ट आल्यावर दचकले. छताकडे कुणी बघेना, शिव्या कुणी देईना. साहेब समाधानाने पुढे झाले. जाता जाता आरशात त्यांना मिशीची उजवी बाजू डावीपेक्षा जरा लांब वाटली. ती त्यांनी नीट न्याहाळली. मागे वळले तर त्यांची स्वतःची लिफ्ट निघून गेली होती.

त्यांनी टाचणीबाईला कचेरीत बोलावलं. ती भांडणाच्या तयारीने, टाचण्या खालीच ठेवून गेली.

"ती झाडू-बादल्यांची खोली घ्या," साहेब म्हणाले. "तळमजल्याचा करार वाढवून तिकडे वळवतो. अटी ऐका. आरसा बाहेर राहील, तुम्ही आत. गिऱ्हाईक आत घ्यायचं, लिफ्टपुढे रांग नको."

टाचणीबाईला एवढी तयारी फुकट गेल्याचं क्षणभर वाईटच वाटलं. "आणि झाडू-बादल्या?"

"त्यांची सोय मी करतो. आणि बाई, एक विनंती. ती लिफ्टची वाट बघणं आता बंद करा."

आपण रोज उभं राहून साहेबांना जेरीला आणलं, असं टाचणीबाई शेवटपर्यंत सांगायची. साहेबांना ठाऊक होतं की काम आरशाने केलं. मिस्त्री म्हणायचा, माझ्या तेलाचा गुण. कुणी कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलं नाही.

मास्तरने फडक्यातून कात्री काढली. खोलीत त्याचं टेबल मावेना, तर त्याने टेबलच कापून खोलीच्या मापाचं केलं आणि खिडकीखाली बसवलं. कारखान्याचं नाव पुन्हा निघालं नाही. वकिलांचे कोट, हिशेबनिसांच्या पँटी, विमावालीचे स्कर्ट, सगळं दोन लिफ्टच्या मधल्या वेळात व्हायला लागलं. कारकून स्टुलावर टेकून पुन्हा खबरबात सांगायला लागले, आणि आता ती चार नव्हे, इमारतभर कचेऱ्यांची होती. टाचणीबाईला यात शिलाईपेक्षा जास्त काय आवडायचं ते सांगायला नको.

राहता राहिली साहेबांची पँट. खोलीचा ताबा द्यायला साहेब स्वतः किल्ली घेऊन आले होते. दाराची कडी अगदी खाली, फरशीपाशी होती. ती काढायला साहेब वाकले आणि पँट मागून फाटली. वरच्या मजल्यावर सगळे भाडेकरू बैठकीला त्यांची वाट बघत होते. टाचणीबाईने त्यांना खोलीत घेतलं, बादल्यांच्या आडोशाला उभं केलं आणि दार लावलं. त्याच रंगाचा दोरा शोधेपर्यंत पँट खुंटीला अडकवली. नेमकी तेव्हा नणंद भावाचा डबा घेऊन आली आणि तिने दाराच्या काचेला डोळा लावला. संध्याकाळी तिने जे पाहिलं ते भावाला सांगितलं. मास्तरने ऐकून घेतलं आणि बायकोला एवढंच विचारलं, "दुहेरी टीप घातलीस ना?" तिने घातली होती. शिवलेली पँट घालून साहेब बैठकीला गेले. जागा टाचणीबाईला त्याआधीच मिळालेली होती.